पीएच.डी.ची फाईल त्रुटीत अडकू नये म्हणून: तारखा, मंजुऱ्या आणि कागद

पीएच.डी. विभागातून फाईल ‘त्रुटी’ असा शेरा घेऊन परत येते, तेव्हा प्रत्येक वेळी कागद कमी असतो असं नाही. पुष्कळदा सगळे कागद जागेवर असतात, पण त्यांच्या तारखा एकमेकींशी भांडतात. मुलाखती सप्टेंबरातल्या आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी नोव्हेंबरातली. विषयबदलाचं पत्र मार्चचं आणि नव्या विषयावरचा प्रगती अहवाल जानेवारीचा. असा गोंधळ नंतर दुरुस्त होत नाही, कारण मागच्या तारखेची मंजुरी कोणी देत नाही आणि देऊही नये. म्हणून नोंदणीच्या दिवशीच एक साधी वही किंवा एक्सेल पत्रक सुरू करा. त्यात चार रकाने पुरतात: कागद, जावक किंवा आवक क्रमांक, तारीख, कोणाकडे दिला. टपालात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजलं जातं.

आधी ठरवा, तुम्हाला कोणता नियम लागू आहे

विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी. विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्याआधी नोंदणी झालेल्यांना, नोंदणीच्या तारखेनुसार, २००९ किंवा २०१६ चे विनियम लागू राहतात. हा फरक नुसता कागदोपत्री नाही. २०१६ च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या विनियमांनी ती सक्ती काढली. त्यामुळे ‘आता पेपर लागत नाही’ हे वाक्य कॉरिडॉरमध्ये ऐकून गाफील राहू नका. आपलं प्रवेश मिळाल्याचं पत्र काढा, तारीख बघा, मग आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, आयोगाच्या किमान अटींवर विद्यापीठ स्वतःच्या अटी घालू शकतं, आणि फाईल तपासणारा लिपिक त्या अटी बघतो.

नव्या विनियमांत कालावधी कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा वर्षं आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळतात. महिला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे एकूण दहा. महिलांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही आहे. घोटाळा मोजणीत होतो. संशोधक विषय मंजूर करणाऱ्या संशोधन व मान्यता समितीच्या (आरआरसी) मंजुरीपासून वर्षं मोजतो आणि विनियम प्रवेशापासून मोजतो. मधले महिने अंगावर येतात. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान तीन-चार महिने आधी द्या, कारण तो मार्गदर्शक, संशोधन केंद्र आणि विद्यापीठ अशा टप्प्यांनी फिरतो.

कोर्सवर्क बारा ते सोळा श्रेयांकांचं असतं आणि त्यात किमान ५५ टक्के लागतात. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा भाग त्यात आला आहे का, हे गुणपत्रकावर तपासा. तो वेगळा दिसत नसेल तर केंद्राकडून पत्र आत्ताच घ्या. प्रबंध देताना समन्वयक बदललेला असतो.

नोकरी करणाऱ्यांचं ना-हरकत पत्र

मराठवाड्यात अर्धवेळ संशोधकांत जिल्हा परिषद शाळांचे आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे शिक्षक पुष्कळ. त्यांच्या ना-हरकत पत्रात ‘आमची हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते अपुरं आहे. विनियमांना त्यात तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ पीएच.डी. करण्यास परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. पत्र सक्षम अधिकाऱ्याचं हवं. केंद्रप्रमुखाच्या सहीने काम भागत नाही.

पूर्णवेळ फेलोशिप घेणाऱ्यांचा प्रश्न उलटा. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची किंवा आयोगाची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), कुठलीही असो, दुसरीकडून वेतन किंवा मानधन घेणार नाही असं हमीपत्र दिलेलं असतं. मग शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला गेलात, तर मानधन बँक खात्यातच जमा होतं आणि ते शोधायला कोणाला फार कष्ट पडत नाहीत. वसुली मग फेलोशिपची होते. आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

आयोगाची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) ४२,००० रुपये आहे. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ आपोआप होत नाही. समितीचं मूल्यमापन आणि प्रगतीचा दाखला लागतो. घरभाड्याच्या बाबतीत वसतिगृहाची खोली देऊ केली असताना ती नाकारली, तर भत्त्यावरचा हक्क जातो. शिवाय छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड-वाघाळा ही शहरं केंद्राच्या घरभाड्याच्या वर्गवारीत ‘वाय’ गटात येतात, लातूर आणि परभणी ‘झेड’मध्ये. गटानुसार दर बदलतो, म्हणून मित्राचं बिल समोर ठेवून दर उतरवला की लेखापाल फाईल परत पाठवतो.

सहामाही अहवाल

संशोधन सल्लागार समितीसमोर प्रत्येक सत्रात एकदा सादरीकरण करायचं असतं. हे टाळून शेवटी सहा-आठ अहवाल एका बैठकीत तयार करण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच पेनाच्या सह्या, प्रत्येक अहवालात तोच परिच्छेद, आणि रविवारी किंवा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी झालेली बैठक. तपासणाऱ्याला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. अहवालात किती आणि काय केलं ते आकड्यांत लिहा: वीस मुलाखतींपैकी चौदा झाल्या, तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा मार्गदर्शकांना या तारखेला दिला. समितीने सुचवलेला बदल पुढच्या अहवालात कुठे केला, तेही एका ओळीत नोंदवा.

मार्गदर्शक निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिल्यावर नवे विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. सहायक प्राध्यापकाकडे चार, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ जागा असतात. होकार मिळाला तरी जागा खरोखर रिकामी आहे का, हे विभागात विचारा.

माणसांवर अभ्यास असेल तर

इथे सर्वांत जास्त फाईली अडतात, आणि सर्वांत जास्त अन्याय दुसऱ्या बाजूच्या माणसावर होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनाला लागू आहेत. आरोग्याशी संबंधित सामाजिक अभ्यासही त्यात येतो. नीतिमत्ता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याच्या आधीची हवी. आपल्या महाविद्यालयात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे, दोन्ही संस्थांत करार करून, जाता येतं.

बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर काम करायचं आहे असं समजा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि वसंत संपता संपता परततात. समितीची बैठक दर महिन्याला होतेच असं नाही, आणि पहिल्या बैठकीत दुरुस्त्या सुचवल्या जातातच. गावात भेटायचं असेल तर अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गेला पाहिजे. फडावर भेटायचं असेल तर त्या जिल्ह्याचं नाव अर्जात हवं, नाहीतर मंजुरी बीडची आणि मुलाखती दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, असा क्रम बिघडतो.

संमतीपत्र मराठीत, छोट्या वाक्यांचं लिहा. ‘सदर संशोधनात ऐच्छिक सहभाग’ यापेक्षा ‘तुम्हाला नको असेल तर उत्तर देऊ नका, मधेच थांबलात तरी चालेल’ हे बरं. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या बाईला ते तिच्या बोलीत समजावण्याची सोय करा. वाचता येत नसेल तर तिच्यासमोर वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि त्रयस्थ, साक्षर साक्षीदाराची सही घ्यायची. मुकादम हा त्रयस्थ साक्षीदार नव्हे. त्याच्याकडून कुटुंबाने उचल घेतलेली असते. तो समोर बसला असताना मिळालेला होकार संमती ठरत नाही. एक प्रत त्या बाईकडे राहिली पाहिजे.

मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी लागतेच, शिवाय सात ते बारा वयात मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठरा वयात लेखी. जिल्हा परिषद शाळेत जाण्यापूर्वी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी घ्या. मुख्याध्यापकांनी बसायला खुर्ची दिली म्हणजे परवानगी झाली असं नाही.

आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल हे अभ्यासाला लागत नसेल तर मागूच नका. नावांची यादी आणि उत्तरं वेगळ्या फाईलींत ठेवा, दोघींना जोडणारा क्रमांक तिसरीकडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण ती सशर्त आहे: त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घेतला जाता कामा नये.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. जायकवाडी पक्षी अभयारण्यात किंवा गौताळ्यात नमुने घ्यायचे तर वन्यजीव विभागाची परवानगी हाती असल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

साम्य तपासणी आणि मराठी फाँट

वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे विनियम सरळ आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. चाळीसच्या वर साठपर्यंत एक वर्ष सादरीकरणास मनाई. साठच्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, योग्य श्रेय दिलेली अवतरणं, कायद्यांची कलमं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सामान्य जुळणी वगळली जाते. स्वतःचा छापलेला शोधनिबंध प्रकरणात वापरला असेल तर त्याचा उल्लेख तिथेच करा आणि मार्गदर्शकांचा दाखला जोडा.

मराठी प्रबंधाचा खरा पेच टंकलेखनात आहे. विद्यापीठ परिसरातल्या बऱ्याच डीटीपी केंद्रांत अजून श्रीलिपी, कृतिदेव किंवा जुने आयएसएम फाँट चालतात. त्यांत संगणकाच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. देवनागरी फक्त पडद्यावर दिसते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इनफ्लिबनेट केंद्राच्या शोधशुद्धी उपक्रमातली साम्य तपासणारी प्रणाली त्या चिन्हांची कशाशी तुलना करणार? साम्य शून्य टक्के येतं आणि विद्यार्थी खूश होतो. ग्रंथपाल मात्र अहवालातली शब्दसंख्या आणि अगम्य मजकूर बघून फाईल परत करतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच.

ओळखायची युक्ती सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड (कुठल्याही संगणकावर तशीच दिसणारी प्रमाण पद्धत), भलतंच काही दिसलं तर जुना फाँट.

रूपांतर करताना पूर्ण फाईल एका दमात परिवर्तकात टाकू नका. इंग्रजी संदर्भ आणि वनस्पतींची लॅटिन नावंही तो मराठी समजून बदलतो आणि ती वाचण्यापलीकडे जातात. प्रकरणवार, फक्त मराठी मजकूर रूपांतरित करा. त्यानंतर चार ठिकाणी डोळे ठेवा: रफार शेजारच्या अक्षरावर सरकलेला असतो, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे-मागे होते, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तुटतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. तक्ते हाताने पुन्हा तपासा. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलताना अक्षरांचा क्रम पुष्कळदा बिघडतो, म्हणून ग्रंथालय घेत असेल तर तपासणीसाठी वर्डची फाईल द्या. या सगळ्याला तीनशे पानांना दोन-तीन आठवडे धरा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहावं.

शोधनिबंध, प्रकल्पाचे पैसे, शेवटचा टप्पा

आयोगाने मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकं पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. निबंध आधी छापला असेल तर छपाईच्या वेळी नियतकालिक यादीत होतं याचा तारखेसह पुरावा फाईलीत ठेवा. नामवंत नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळं चालतात. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) जुळला म्हणून विश्वास ठेवू नका, छापील अंकावरचा पत्ता आणि संपादक मंडळ ताडून बघा.

केंद्राच्या अनुदानावरचा प्रकल्प असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र नमुना १२-अ मध्ये द्यायचं असतं. अनुदानावरचं व्याज खर्चात धरू नका. हिशोब पूर्ण होताच ते भारताच्या संचित निधीत परत भरावं लागतं. उपकरणाच्या शीर्षातले पैसे प्रवासाकडे वळवायचे तर निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी आधी हवी.

पेटंटची शक्यता असेल तर तात्पुरता अर्ज प्रबंध सादर करण्यापूर्वी दाखल करा. पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इनफ्लिबनेटकडे जाते, तिथल्या शोधगंगा या प्रबंध-संग्रहात प्रबंध कोणालाही वाचता येतो, आणि एकदा जाहीर झालेल्या शोधाला नावीन्य उरत नाही. व्हायवात सुचवलेल्या दुरुस्त्या असतील तर दुरुस्त केलेलीच प्रत अपलोड झाली का, हे ग्रंथालयात स्वतः उघडून बघा. जुन्या सीडीतली फाईल चढवली जाणं अजिबात दुर्मीळ नाही.