स्मरणिका प्रेसला द्यायच्या आधी

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेची प्रुफं माझ्याकडेच येतात, कारण दुसरं कोणी घेत नाही. त्यातून हात बसलाय, तर सांगतो कसं करायचं ते.

ऱ्हस्वदीर्घ नंतर. आधी प्रिंट काढा, मोबाईलवर वाचलं की डोळा घसरतो, आणि पेन्सिलने प्रत्येक नाव, तारीख, आकडा याखाली रेघ मारा. "पहिला", "सर्वात मोठा", "एकमेव" यांच्याखाली दोन रेघा.

आता हे वाक्य बघा: "१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातली पहिली रेल्वे धावली." ठाणेकराला यात काय खटकणार? मलाही नाही खटकलं, छापून आलं, आणि मग तिसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून रिटायर झालेले काका अंक घेऊन दारात. मद्रासकडे १८३७ मध्येच दगड वाहायला रेड हिल रेल्वे सुरू झाली होती, आपली ती पहिली प्रवासी गाडी. एक शब्द राहिला आणि काका अजून लिफ्टमध्ये ऐकवतात. त्या गाडीचे बाकीचे तपशील घरबसल्या तपासता येतात: १६ एप्रिल १८५३ ला शनिवार लिहिलंय तर कॅलेंडर ॲप मागे नेऊन बघा, शनिवारच निघतो. अंतर एकीकडे २१ मैल आणि दुसरीकडे ३४ किलोमीटर दिसलं तर गोंधळू नका, १.६ ने गुणा, जवळपास जुळतं.

चार साइटवर तेच वाक्य मिळालं म्हणजे चार पुरावे झाले असं नाही हां. स्वल्पविरामासकट सेम असेल तर एकाने लिहिलंय, तिघांनी उचललंय.

हद्दीत तर भले भले फसतात. खारघर नवी मुंबईत म्हणतात सगळे पण महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड. डहाणू जुन्या लेखात ठाणे जिल्ह्यात दिसेल, ती चूक नाही, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, म्हणून लेख कधीचा आहे ते आधी बघायचं.

माणसांची नावं त्या माणसालाच फोन करून विचारा, लाजू नका. फोटोखाली "डावीकडून" असेल तर डोकी मोजा, मग नावं मोजा. आमच्याकडे एकदा सात डोकी आणि सहा नावं निघाली, राहिलेलं नाव खजिनदारांचं.

आणि जाहिरातीतला फोन नंबर स्वतः लावून बघा, रिंग गेली की पुरे नाही, उचलणारा दुकानवालाच आहे ना ते विचारा.