डॉनगार्ड खेळताना घड्याळाकडे बघा: या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात एका रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. "दादा, माझी लोहारीण मेली रे!" आई शेजारीच बसली होती. तिनं तेवढंच ऐकलं आणि "कोण गेलं?" म्हणत उठून उभी राहिली. ही लोहारीण स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या व्हाइटरन गावातली, आपल्या इंदूरच्या रामबागेतली नव्हे, हे पटवायला मला पाच मिनिटं लागली.

झालं होतं असं. पठ्ठ्यानं दिवसभर गुहा धुंडाळल्या, पोतंभर तलवारी गोळा केल्या आणि त्या विकायला रात्री दहाच्या सुमारास फास्ट ट्रॅव्हल करून, म्हणजे नकाशावरचं ठिकाण निवडून, थेट व्हाइटरनच्या वेशीवर उतरला. तिथे व्हॅम्पायर आणि त्यांचे लाल डोळ्यांचे डेथ हाऊंड कुत्रे हजर. वेशीजवळच एड्रियानचं लोहारकाम चालतं. बाई भित्री नाही, सरळ भांडणात उतरली आणि मेली. या खेळात मेलेला दुकानदार परत येत नाही. त्यावर ऑटोसेव्हही, म्हणजे गेमनं आपोआप केलेली नोंद, होऊन गेला होता.

मूळ स्कायरिम 11 नोव्हेंबर 2011 ला आला आणि डॉनगार्ड हा व्हॅम्पायरांचा विस्तार 2012 मध्ये. तेव्हा तो वेगळा विकत घ्यावा लागायचा, त्यामुळे आपण काय पदरात घेतोय हे माणसाला माहीत असायचं. 2016 च्या स्पेशल एडिशनमध्ये तो आतच घातलेला आहे. आज सेलमध्ये गेम घेणाऱ्या पोराला मूळ खेळ कुठे संपतो आणि व्हॅम्पायर कुठे सुरू होतात याचा पत्ताच नसतो. आणि तिथेच घोळ होतो, कारण मूळ खेळात घड्याळ बरंचसं शोभेला आहे, रात्र झाली काय अन् दिवस उगवला काय. डॉनगार्डमध्ये मात्र तास मोजले जातात. मला येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सात-आठ शेवटी घड्याळाच्याच निघतात.

रात्री गावात उतरू नका

इंदूरकरांना हे समजावणं सोपं आहे. सराफ्यात दिवसा सोनं-चांदी, आणि रात्री शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर गराडू आणि भुट्ट्याचा कीस. जागा तीच, वेळ बदलली की मामला वेगळा. स्कायरिमची गावंही तशीच झाली आहेत, फक्त रात्री तिथे खायला आपण असतो. आपल्याकडचा मुंज्या निदान पिंपळ सोडत नाही. हे लोक वेशीपर्यंत चालत येतात.

लेव्हल 10 च्या पुढे गेलात की गावात शक्यतो दिवसा उतरा. माल विकायचा असेल तर गुहेतून निघण्याआधी आतच ‘वेट’ (वेळ पुढे ढकलण्याची सोय) करून सकाळ होऊ द्या. रात्री जाणं भागच असेल तर गावाबाहेर, एखाद्या तबेल्यापाशी किंवा शेतापाशी उतरा, हातानं नवीन सेव्ह करा, मग वेशीकडे चाला. हल्ला झालाच तर आधी दुकानदारांच्या आणि व्हॅम्पायरच्या मध्ये उभे राहा. पहारेकरी त्यांचं ते बघून घेतील.

अंगात मुरणारा आजार

व्हॅम्पायरशी झटापट झाली की ‘सँग्विनारे व्हॅम्पायरिस’ नावाचा आजार लागू शकतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ओळ येते आणि जाते. लढाईच्या धामधुमीत ती कोण वाचतो? हेल्थ 25 नं कमी होते, पण पट्टी इतकी थोडी आखडते की लक्षातच येत नाही. त्या क्षणापासून खेळातले 72 तास मोजायला लागतात. तेवढ्या वेळात इलाज अगदी फुटकळ आहे. रोग बरा करणारं एक औषध प्या, नाहीतर देवळात जाऊन कुठल्याही देवाच्या वेदीला हात लावा. संपलं.

फसगत इथे होते की 72 तास म्हणजे भरपूर वेळ वाटतो. पण ते खेळातले तास आहेत. रिफ्टनहून सॉलिट्यूडला फास्ट ट्रॅव्हल केलं, तुमचे दहा सेकंद गेले, तिथला दिवस उलटला. एकदा खाटेवर आठ तास झोपलात, दुकान उघडायची वाट बघत सहा तास बसलात, की तीन दिवस कधी सरले कळत नाही. म्हणून प्रत्येक व्हॅम्पायर-लढाईनंतर मॅजिक मेन्यूतली ‘ॲक्टिव्ह इफेक्ट्स’ची यादी उघडा. ही एक सवय लागली तर या लेखातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला लागणारच नाहीत.

तीन दिवस उलटले तर तुम्ही व्हॅम्पायर होता, आणि औषधं आणि वेद्या दोन्ही निरुपयोगी. मग मोर्थल गावच्या फॅलियन जादूगाराकडे जावं लागतं. त्याला काळा सोल जेम, म्हणजे आत्मा साठवणारा खडा, हवा असतो, आणि तोही भरलेला. ‘ग्रँड’ जेम घेऊन गेलात तर तो घेणार नाही, मोठा असला तरी. रिकामा काळा जेम तुम्हाला तोच विकतो. तो खिशात ठेवून एखाद्या दरोडेखोरावर ‘सोल ट्रॅप’ हा आत्मा पकडणारा मंत्र टाका आणि मंत्राचा असर उतरण्याआधी त्याला मारा. जनावराचा आत्मा चालत नाही, माणसाचाच लागतो. मग पहाटे गावाबाहेरच्या दगडी रिंगणात त्याला गाठायचं.

व्हॅम्पायर झालात, आता उपाशी किती राहायचं?

माझी स्वतःची पहिली चूक इथली. माझा समज असा की रक्त प्यालं की ताकद वाढते. प्रकार नेमका उलटा आहे. न पिता राहिलात की दर 24 तासांनी एक पायरी चढता, अशा चार पायऱ्या. शक्ती वाढतात, पण सोबत दुखणीही वाढतात. पहिल्या पायरीला उन्हात हेल्थ, मॅजिका (जादूची ताकद) आणि स्टॅमिना (दम) 15 नं घटतात, चौथीला 60 नं, आणि उन्हात असेपर्यंत काहीच भरून येत नाही. आगीपुढचा कमकुवतपणा 20 टक्क्यांवरून 50 वर जातो. उलट थंडीचा त्रास कमी होत होत चौथ्या पायरीला शून्य.

मे महिना, दुपारचे दोन, खोलीचे पडदे ओढलेले, आणि मी तीन दिवसांचा उपाशी व्हॅम्पायर घेऊन भर उन्हात आग ओकणाऱ्या ड्रॅगनशी भिडलो. तीनदा मेलो. गेममध्ये बग आहे म्हणून शिव्याही घातल्या. पन्ह्याचा पेला ठेवायला आलेली आई एवढंच म्हणाली, "तिकडे काय व्हायचं ते हो, इकडे जरा पडदे उघड."

हिशेब असा ठेवा: खेळातलं ऊन पहाटे 5 ते संध्याकाळी 7. दिवसाचा प्रवास असेल तर निघण्याआधी एखाद्या झोपलेल्या माणसापाशी दबकत जाऊन पिऊन घ्या म्हणजे पहिल्या पायरीवर याल. कुणी पाहिलं तर गुन्हा लागतो, तेवढं सांभाळा. गुहेत किंवा रात्री लढायचं असेल तर उपाशी राहिलात तरी चालतं, छताखाली ऊन लागत नाही.

आणखी एक. चौथ्या पायरीला गावकरी दिसताक्षणी अंगावर येतात, असं जुने खेळाडू हमखास सांगतात. मूळ 2011 च्या खेळात ते खरं होतं. डॉनगार्डनं तो नियम काढला. आता लोक चवताळतात ते तुम्ही व्हॅम्पायर लॉर्डचं पंखवालं रूप घेऊन समोर आलात तर.

त्या रूपाबद्दलही गोंधळ असतो. ‘मला परत माणूस होता येत नाही’ असे मेसेज येतात. वेअरवुल्फच्या (माणसाचा लांडगा होतो त्या) रूपासारखं हे रूप वेळ संपल्यावर आपोआप उतरत नाही. फेव्हरिट्सची यादी उघडा, ‘रिव्हर्ट फॉर्म’ तिथे आहे. दबकण्याचं बटण दाबलं की हवेतून जमिनीवर येता: वर असताना जादू, खाली नखं. या रूपाचे पर्क (जादा कौशल्यं) भरत नसतील तर मारताय कसं ते बघा. ड्रेन लाइफच्या, म्हणजे जीव शोषणाऱ्या, जादूनं किंवा चावून मारलेलेच मोजले जातात, तुम्ही उठवलेल्या मढ्यानं मारलेले नाहीत.

हार्कन, सेराना आणि घाईचे निर्णय

व्हॅम्पायरांचा सरदार हार्कन त्याच्या किल्ल्यात रक्ताचं दान, म्हणजे तुम्हाला व्हॅम्पायर लॉर्ड करणं, देऊ करतो तेव्हा आधी सेव्ह करा. तुम्ही वेअरवुल्फ असाल तर ते दान घेतल्यावर लांडगेपण जातं. नाकारलंत तरी दार कायमचं बंद होत नाही, पुढे त्याची मुलगी सेराना तेच देऊ शकते. शेवटी मात्र लोक भावनेच्या भरात सेरानाला व्हॅम्पायरपणातून बरं व्हायला राजी करतात. चांगली गोष्ट आहे, मीही केली. पण बरी झालेली सेराना तुम्हाला पुन्हा व्हॅम्पायर करू शकत नाही, आणि तोवर हार्कनचा निकाल लागलेला असतो. लॉर्ड व्हायची हौस असेल तर ती आधी फेडा.

डॉनगार्डच्या, म्हणजे शिकाऱ्यांच्या, बाजूनं खेळत असाल आणि त्यांचा म्होरक्या इसरान बोलतच नसेल, तर गेम बिघडलेला नाही. सोल केर्न या आत्म्यांच्या लोकात जाताना तुम्ही सेरानाकडून व्हॅम्पायर होऊन घेतलंय. इसरान तसल्यांशी बोलत नाही. आधी मोर्थल, मग तो. मुळात तिथे दुसरा पर्याय असतो: आत्म्याचा एक अंश तिच्याकडून काढून घ्यायचा. आत गेल्यावर ताकद थोडी कमी राहते, पण तो अंश तिथेच परत मिळवता येतो. शिकाऱ्यांसाठी हाच बरा. आत आलात तर अरवाक नावाच्या घोड्याची कवटीही शोधून काढा. मंत्रानं हवा तेव्हा हजर होणारा घोडा मिळतो, मेला तरी पुन्हा बोलावता येतो.

आता अडकण्याच्या जागा भराभर. डॉनगार्डची क्वेस्ट (मोहीम) सुरूच होत नाही? पहारेकऱ्याच्या निरोपाची वाट बघू नका, रिफ्टनच्या आग्नेयेला डेस्प्रिंग कॅनियनमधून सरळ फोर्ट डॉनगार्डला जा. डिमहॉलो क्रिप्टमधलं गोल दालन? मधल्या खांबावरची कळ दाबा, हाताला खिळा टोचेल, टोचू द्या. मग जांभळा उजेड ज्या दिशेला पसरतो त्या रेघेत शेगड्या सरकवत चला, शेगडी जांभळी पेटली की ती जागेवर बसली. फॉरगॉटन व्हेल या खोऱ्यात कलश प्रत्येक देवस्थानी भरायचा आहे. एक जरी चुकलं तरी शेवटचं दार उघडत नाही आणि मागे फिरणं लांबचं आहे.

सेव्हचं

चालू खेळात मॉड (खेळाडूंनी बनवलेले जोडभाग) काढू नका. नवीन घालणं एकवेळ ठीक, काढल्यावर जुना सेव्ह आतून खराब होतो आणि ते दहा-बारा तासांनी कळतं. 144 हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सेकंदाच्या फ्रेम 60 वर बांधा, नाहीतर या खेळाची फिजिक्स बिथरते आणि घरात शिरताच ताटल्या उडायला लागतात. पोरांना ते व्हॅम्पायरचं काम वाटतं.

ऑटोसेव्ह आणि क्विकसेव्हवर विसंबू नका. गावात शिरण्याआधी, हार्कनसमोर आणि झोपण्याआधी, असे तीन वेगळे हातानं केलेले सेव्ह ठेवा. मावसभावाकडे असा एकच निघाला, लोहारीण मरायच्या सहा तास आधीचा. त्यानं तो लोड केला, सगळ्या गुहा पुन्हा केल्या आणि या खेपेला सकाळी नऊला व्हाइटरनच्या वेशीवर उतरला. एड्रियान भट्टीपाशी उभी होती. त्याच्या निम्म्या तलवारी घेतल्यावर तिच्याकडचे पैसे संपले.