ॲड्रेसचा पॉइंटर करताना: सातपूर-अंबडच्या बोर्डांवर काम करणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत प्लॉट नंबर सांगितला की रिक्षावाला गेटपर्यंत आणून सोडतो. आत प्रेस शॉप आहे की प्लेटिंग, ते नंबरावरून कळत नाही. मेमरी ॲड्रेसही असाच नुसता आकडा. त्याचा पॉइंटर केला, की आपण कम्पायलरला शब्द देतो: इथे इतके बाइट आहेत, ते अमुक पटीत बसलेत आणि याच टाइपची वस्तू इथे आहे. या टाइप बदलून मानण्याला कास्ट म्हणतात. कास्टमुळे मेमरीतलं एक बिटही बदलत नाही. दिलेला शब्द खोटा निघाला, तर मात्र भोगावं लागतं.

उदाहरणाला एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड, ब्ल्यू पिल, घेऊ. कोड सी भाषेतला आहे, त्यातले शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत. ०एक्सने सुरू होणारे आकडे हेक्समधले, म्हणजे १६च्या पायातले. बोर्डावरचा एलईडी पीसी१३ पिनला आहे आणि पिन लो केली की तो लागतो. पोर्ट सीचा बेस ०एक्स४००११०००, आणि पिन हाय-लो करणारं बीएसआरआर रजिस्टर (हार्डवेअर चालवणारी ठरावीक ॲड्रेसवरची जागा) त्यापुढे ०एक्स१०, म्हणजे १६ बाइटवर.

आधी पोर्टाचं क्लॉक चालू करा: ०एक्स४००२१०१८ या रजिस्टरमधला बिट ४. हे राहिलं तर पॉइंटर अगदी बरोबर असूनही पोर्टात काहीच लिहिलं जात नाही, आणि माणूस दिवसभर कास्टच तपासत बसतो. मग ०एक्स४००११००४ मधले २० ते २३ हे चार बिट पुसून तिथे २ लिहा. पिन २ मेगाहर्ट्‌झची पुश-पुल आउटपुट होते. शेवटी एलईडी लावायला बीएसआरआरमध्ये बिट २९:

*(व्होलाटाइल यूइंट३२_टी *)(०एक्स४००११०००यू + ०एक्स१०यू) = १यू << २९;

बेरीज कंसात आहे आणि कास्टच्या आधी होते, तिकडे नीट बघा. आधी कास्ट करून मग ०एक्स१० मिळवलं, तर पॉइंटर १६ बाइट नव्हे, १६ घरं पुढे जातो. यूइंट३२_टीचं घर ३२ बिटांचं, चार बाइटचं, म्हणून ६४ बाइट. तिथे कुठलंच रजिस्टर नाही. कम्पायलर गप्प, एलईडी बंद. नवख्यांच्या कोडमध्ये पहिल्यांदा हीच जागा तपासावी.

व्होलाटाइल (‘ही जागा आपोआपही बदलू शकते, दर वेळी खरंच वाचा-लिहा’ अशी कम्पायलरला ताकीद) विसरलात तर डीबग बिल्डमध्ये सगळं ठीक दिसेल. ऑप्टिमायझेशन चालू केलं की स्टेटस बिटाची वाट पाहणारा लूप रजिस्टर एकदाच वाचतो आणि कायमचा अडकतो. कम्पायलरच्या हिशेबाने ती साधी मेमरी. आपण लिहिल्याशिवाय ती बदलेलच कशी?

रजिस्टरं बरीच असतील तर सुटे कास्ट करू नका. पोर्टाच्या सात रजिस्टरांसाठी सात यूइंट३२_टी मेंबर ओळीने ठेवून स्ट्रक्ट (अनेक मेंबरांचा एक टाइप) बनवा, बेसला एकदाच त्याचा पॉइंटर करा, आणि बीएसआरआरचा ऑफसेट (बेसपासूनचं अंतर) १६ आहे ना, हे ऑफसेटऑफ घेऊन स्टॅटिक असर्टने कम्पाइल होतानाच तपासा.

उलट दिशेला, म्हणजे पॉइंटरचा आकडा करायला, यूइंटपीटीआर_टी, म्हणजे पॉइंटर पूर्ण मावेल असा पूर्णांकाचा टाइप, वापरा. इंट नको, लाँगही नको. ६४ बिटच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो, पण ६४ बिटच्या विंडोजवर ४च बाइटचा. वरचे ३२ बिट तुटले की परत केलेला पॉइंटर भलतीकडेच जातो. साइन असलेल्या इंटमधून परत आणलात आणि त्याचा वरचा बिट १ असला, तर वरची ३२ बिटं एकने भरतात. आकार जुळत नसल्याची वॉर्निंग कम्पायलर देतो. ती आणखी एक कास्ट टाकून गप्प करणं म्हणजे मीटर उलटा दिसतो म्हणून तो झाकून ठेवणं.

आता खरी डोकेदुखी: बाहेरून आलेल्या बाइटांवर पॉइंटर टाकणं. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजमधला तापमानाचा सेन्सर मॉडबस आरटीयूवर (उपकरणांनी तारेवरून डेटा देण्याघेण्याची एक पद्धत) असेल, तर फंक्शन ०३च्या, म्हणजे रजिस्टर वाचण्याच्या विनंतीच्या, उत्तरात स्लेव्ह नंबर, फंक्शन कोड आणि बाइटांची संख्या असे तीन बाइट जातात आणि डेटा बफरच्या इंडेक्स ३पासून सुरू होतो. बफर चारच्या पटीत बसवलेला असला तरी डेटा विषम ॲड्रेसवरच. तिथे थेट इंट१६_टी (साइन असलेला १६ बिटी आकडा, सम ॲड्रेस मागणारा) पॉइंटर टाकलात तर कॉर्टेक्स-एम० हा प्रोसेसर लगेच हार्डफॉल्टला जातो, म्हणजे चूक पकडून काम थांबवतो. ब्ल्यू पिलमधला कॉर्टेक्स-एम३ साधं वाचन चालवून घेतो, म्हणून जास्त फसवतो: पुढे कम्पायलरने शेजारची दोन ३२ बिटी वाचनं प्रोसेसरच्या एकाच सूचनेत जोडली की तोही फॉल्ट देतो, आणि बिघाड ‘ऑप्टिमायझेशनमुळे’ आला असं वाटतं.

दुसरी गोम बाइटांच्या क्रमाची. मॉडबस मोठा बाइट आधी पाठवतो, एसटीएम३२ लहान बाइट आधी मानतो. ०.५ अंश दशांशात ५ म्हणून आले, म्हणजे ०० ०५, तर थेट कास्टने १२८० वाचले जातात आणि द्राक्षांच्या खोलीत १२८ अंश दिसतात. म्हणून पहिला बाइट ८ने डावीकडे सरकवा, दुसरा त्याला ऑर करा, मग इंट१६_टी करा. हे शेवटचं राहिलं तर उणे ०.५ अंशाचे ६५५३.१ होतात. बाइटांचा क्रम आपलाच असेल तर मेमसीपीवाय, म्हणजे बाइटांची नक्कल करणारं फंक्शन, वापरा. छोट्या आकाराला कम्पायलर त्याच्या दोन-चार सूचनाच करतो, वेगाची काळजी नको. शिवाय कॅरॅक्टर बफरवर दुसऱ्या टाइपचा पॉइंटर टाकणं स्ट्रिक्ट एलियसिंगच्या (एका टाइपची मेमरी भलत्याच टाइपने वाचू नये, या) नियमातही बसत नाही, मेमसीपीवाय बसतं.

बूटलोडरमधून (आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामातून) ॲप्लिकेशनवर उडी मारताना आकड्याचा फंक्शन पॉइंटर होतो. ॲप्लिकेशन ०एक्स०८००४००० ला असेल तर तिथला पहिला चार बाइटचा वर्ड स्टॅक पॉइंटर, दुसरा रीसेट हँडलरचा, म्हणजे ॲप्लिकेशन जिथून सुरू होतं त्या फंक्शनचा, ॲड्रेस. तो विषम असतो. शेवटचा १ थंब मोडची (कॉर्टेक्स-एम चालवतो त्या सूचनांच्या प्रकाराची) खूण आहे. ‘ॲड्रेस सम हवा’ म्हणून तो पुसलात की उडी मारताच फॉल्ट.

सीऐवजी रस्ट भाषेत लिहीत असाल तर हार्डवेअरच्या ॲड्रेसचा पॉइंटर करायला १.८४ आवृत्तीपासून स्थिर झालेलं विथ_एक्स्पोज्ड_प्रॉव्हेनन्स आहे. वाचन-लेखन रीड_व्होलाटाइल आणि राइट_व्होलाटाइलनेच करा, रजिस्टरवर साधा रेफरन्स बनवू नका.