मुंबईच्या बागेसाठी गवते आणि फुलझाडे निवडताना आधी जुलै पाहावा

जूनमध्ये सात तलावांतील साठ्याचे आकडे वर्तमानपत्रांत झळकू लागले, की सोसायटीच्या बागेत तासभर वाहणारा पाइप सर्वांच्याच डोळ्यांत खुपतो. कमी पाण्यावर जगणारी झाडे लावावीत हे मग पटते. परंतु मुंबईत वर्षाला सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच, हे निवड करताना विसरले जाते. झाडाला मेमधील ताण सोसायचा असतो, तसे त्याआधी जुलैमध्ये कुजता कामा नये. मी हौसेने आणलेली लॅव्हेंडरची चार रोपे, कमी पाण्याची म्हणून नावाजलेली असूनही, पहिल्याच झडीत काळी पडली.

म्हणून प्रथम जागा पाहावी. जोराची सर ओसरल्यानंतर तासाभराने खाली उतरावे आणि पाणी कुठे साचून राहिले आहे, ते नीट बघून ठेवावे. त्या जागी कंदवर्गीय झाडे लावू नयेत. इतरत्र वाफा वीतभर उंच करून लाल मातीत शेणखत आणि जाड रेती मिसळावी.

त्यानंतर गवत निवडावे. हिरवळीचा गालिचा सर्वांत जास्त पाणी पितो, तेव्हा जिथे मुले खेळत नाहीत तिथला तो काढूनच टाकावा. त्याच्या जागी माझी पहिली पसंती वाळ्याला आहे: त्याची मुळे पसरण्याऐवजी सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात, त्यामुळे ते उतारावरची माती धरून ठेवते, पाण्यात काही दिवस उभे राहूनही कुजत नाही आणि उन्हाळ्यातही तग धरते. ठोंबातून दोन-तीन फुटवे अलगद सोडवावेत, पाती वीतभर आणि मुळे चार बोटे ठेवून छाटावीत आणि हातभर अंतरावर लावावेत. पात्यांच्या कडा हात कापतात, हातमोजे घालावेत. कडेला गवती चहा शोभतो. तांबूस तुऱ्यांचे शोभेचे गवत घ्यायचे असल्यास त्याचे बी वाऱ्यावर पसरते का, हे रोपवाटिकेत विचारून घ्यावे. शोभेसाठी आणलेली घाणेरी आज राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातही माजली आहे.

गवताच्या पुढे वर्षानुवर्षे टिकणारी फुलझाडे लावावीत. भर उन्हात सदाफुली. भिंतीच्या भेगेतही ती उगवते, यावरून तिची भूक ओळखावी. कुंपणाशी काटेरी कोरांटी आणि अर्धवट सावलीत अबोली. गुलबक्षी वाळली तरी उपटू नये, तिचा कंद जमिनीत जिवंत असतो. कर्दळ आणि सोनटक्का सुंदर खरे, पण त्यांना सतत ओल लागते.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर जूनअखेरीस करावी, म्हणजे मुळे रुजवण्याचे काम पाऊसच करतो. ऑक्टोबरमध्ये सोसायटीतला पाचोळा बुंध्यापासून चार बोटे सोडून जाड थराने पसरावा. पहिले वर्ष आठवड्यातून दोनदा सकाळी खोलवर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडांना आठवड्यातून एकदा पुरते. कुंडीला हा हिशेब लागू होत नाही, तिथे बोट खुपसूनच ओल पाहावी.

दोन-तीन वर्षांनी वाळ्याचे ठोंब दाटले, की पावसाच्या तोंडावर ते काढून विभागावेत. छाटलेली मुळे धुऊन सावलीत वाळवावीत आणि फडक्यात बांधून माठात सोडावीत.