गेम इंडस्ट्रीत पहिला जॉब कसा मिळवायचा? आधी एक छोटा गेम पूर्ण करा

गेमिंगमध्ये करिअर करायचंय असं घरी सांगितलं की आईवडिलांच्या डोळ्यासमोर दोनच गोष्टी येतात, एक तर दिवसभर मोबाईलमध्ये मान घालून बसलेला मुलगा, नाहीतर पैसे लावून रमी खेळायची ॲप्स. त्या दुसऱ्याचा विषयच संपलाय, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. मी बोलतोय ते गेम बनवण्याबद्दल, म्हणजे कोडिंग, आर्ट, ॲनिमेशन, साउंड, टेस्टिंग. हे शिकून नोकरी लागते आणि त्यासाठी महाराष्ट्र सोडावाच लागतो असंही नाही. फक्त सुरुवात कुठून करायची हे चुकलं की वर्ष आणि पैसे दोन्ही जातात, म्हणून क्रमाने लिहितोय.

कामं कुठे आहेत ते बघा

पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ मध्ये सुरू झाला. इंडस बॅटल रॉयालवाली सुपरगेमिंग पुण्याची. राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक हा २०२० मध्ये आलेला गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा, आणि त्याची गोष्ट माहीत असायला हवी, कारण २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर (लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायची वेबसाइट) पैसे उभे करायचा प्रयत्न केला तेव्हा टार्गेट पूर्ण झालं नव्हतं, तरी टीमने गेम सोडला नाही आणि शेवटी तो निन्टेन्डो स्विचवर आणि मग बाकीच्या कन्सोलवर गेला. महाराष्ट्राबाहेर बंगळुरूला १९९७ मध्ये सुरू झालेली ध्रुव इंटरॲक्टिव्ह होती, ती २०१९ मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने विकत घेतली. गुरुग्रामला लक्ष्य डिजिटल आहे. आपल्याकडचं बरंच काम परदेशी स्टुडिओंच्या मोठ्या गेम्ससाठी आर्ट, टेस्टिंग आणि को-डेव्हलपमेंटचं, म्हणजे गेमचा एखादा भाग त्यांच्याबरोबर बनवायचं असतं, त्यामुळे स्वतःच्या कल्पनेवर पहिल्याच दिवशी काम मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, पण शिकायला ही कामं फार चांगली असतात.

रोल एकच निवडा

"मला गेम डेव्हलपर व्हायचंय" एवढं सांगून भागत नाही. प्रोग्रामर, थ्रीडी आर्टिस्ट, ॲनिमेटर, लेव्हल डिझायनर, साउंड डिझायनर, क्यूए टेस्टर (गेम खेळून चुका शोधणारा), प्रोड्युसर (वेळ आणि टीमचं काम सांभाळणारा) ही सगळी वेगळी कामं आहेत, त्यांचे इंटरव्ह्यू वेगळे आणि पोर्टफोलिओही (स्वतःच्या कामाचे नमुने) वेगळा. सगळं थोडं थोडं येणारा फ्रेशर मोठ्या स्टुडिओत कुठल्याच खुर्चीत बसत नाही. छोट्या इंडी (स्वतंत्र) टीममध्ये मात्र असा माणूस खपतो.

गेम डिझायनरच व्हायचं असेल तर स्पष्टच सांगतो, फ्रेशरला ही जागा सहसा मिळत नाही, आधी क्यूए किंवा प्रोग्रामिंगमधून आत या किंवा स्वतःचे दोन-तीन छोटे गेम्स हातात ठेवा. प्रोग्रामर व्हायचं असेल तर इंजिनिअरिंग किंवा बीसीएस सोडून देऊ नका, डिग्रीचा पुढे उपयोग होतो. आणि अकरावी-बारावीचे व्हेक्टर्स परत काढा. शत्रूची नजर ज्या दिशेला आहे तो एक व्हेक्टर, शत्रूपासून तुमच्या प्लेयरपर्यंत दुसरा, या दोघांचा डॉट प्रॉडक्ट पॉझिटिव्ह आला की प्लेयर शत्रूच्या पुढच्या बाजूला आहे आणि निगेटिव्ह आला की पाठीमागे. गार्डच्या मागून दबकत जायचे जे गेम्स असतात त्यात हे गणित सतत चालू असतं, आणि इंटरव्ह्यूत हमखास विचारतात.

इंजिनवर जास्त वेळ घालवू नका

इंजिन म्हणजे गेम ज्यात बनवायचा ते सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकाची कोडिंगची भाषा वेगळी: युनिटी घेतलं तर सी शार्प, अनरिअल घेतलं तर सी प्लस प्लस, गोडो घेतलं तर जीडीस्क्रिप्ट. शिकताना तिन्ही फुकट आहेत. गोडो पूर्ण ओपन सोर्स आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. अनरिअलमध्ये गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली तरच पाच टक्के रॉयल्टी द्यावी लागते, म्हणजे आत्ता त्याचा विचारच नको. मोबाईल गेम्सच्या कंपन्यांत जायचं असेल तर युनिटी, मोठ्या कन्सोल गेम्सकडे ओढा असेल तर अनरिअल, लॅपटॉप साधा असेल तर गोडो, एवढं ठरवून कामाला लागा. थ्रीडीसाठी ब्लेंडर, तेही फुकट.

आता लगोरी बनवा

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं राहतं. पहिलाच गेम म्हणून ओपन वर्ल्ड (मोठ्या जगात मोकळं फिरायचा) किंवा बॅटल रॉयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो) घ्यायचा नाही. लगोरी घ्या, आणि तीही अर्धीच. लगोरी परत रचायची, दुसऱ्या टीमने बॉल मारून आउट करायचं हे सगळं बाजूला ठेवा, फक्त सात ठिकऱ्या, एक बॉल, स्वाइप करून मारायचं आणि किती पडल्या ते मोजायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण सात ठिकऱ्या एकावर एक ठेवून प्ले दाबलं की कोणी हात न लावता लगोरी थरथरायला लागते आणि कधी कधी आपोआप कोसळते, कारण इंजिनचं फिजिक्स प्रत्येक फ्रेमला (स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्राला) ठिकऱ्या एकमेकींत किंचित घुसल्यात असं समजून त्यांना बाहेर ढकलत असतं. मग फ्रिक्शन वाढवून बघायचं, वरच्या आणि खालच्या ठिकरीच्या वजनात फार फरक ठेवायचा नाही, बॉल लागेपर्यंत त्यांना स्लीपमध्ये, म्हणजे फिजिक्स थांबवून, ठेवायचं. ते जमलं की दुसरी गंमत, जोरात स्वाइप केलं की बॉल लगोरीच्या आरपार निघून जातो आणि एकही ठिकरी पडत नाही. बॉल एका फ्रेमला लगोरीच्या अलीकडे असतो, पुढच्या फ्रेमला पलीकडे, मधलं काही इंजिनने तपासलेलंच नसतं. त्यासाठी बॉलच्या सेटिंगमध्ये कंटिन्युअस कोलिजन डिटेक्शन चालू करायचं. हे दोन प्रॉब्लेम स्वतः सोडवलेला मुलगा इंटरव्ह्यूत फिजिक्सवर दहा मिनिटं आरामात बोलू शकतो, आणि समोरच्याला लगेच कळतं की याने ट्युटोरियल नुसतं बघितलेलं नाही.

मग मेनू, साउंड, पॉज, रिस्टार्ट, स्कोअर, हे कंटाळवाणं काम संपवा. बहुतेक जण इथेच गेम सोडून नवीन प्रोजेक्ट सुरू करतात, तुम्ही सोडू नका.

लोकांच्या हातात द्या

इच डॉट आयओ या इंडी गेम्सच्या वेबसाइटवर गेम टाकायला पैसे लागत नाहीत, ब्राउझरमध्येच खेळता येतो. प्ले स्टोअरच्या डेव्हलपर अकाउंटला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नवीन पर्सनल अकाउंट असेल तर सध्या आधी १२ टेस्टर्सकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग (फक्त निवडलेल्या लोकांना गेम देऊन तपासणी) करून घ्यावं लागतं, त्यामुळे मित्रमंडळींचे ईमेल आधीच गोळा करा. स्टीम या पीसी गेम्सच्या स्टोअरवर एका गेमला १०० डॉलर, ते पहिल्या गेमला घाई करून भरू नका. मामेभाऊ, शेजारची मुलं, आजी, कोणाच्याही हातात फोन द्या आणि काहीही न सांगता गप्प बसून बघा. कुठे अडकतात ते लिहून घ्या, तीच तुमची पुढची कामाची यादी.

जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, २००९ पासून चालू आहे, त्यात थोड्याच दिवसांत अनोळखी लोकांबरोबर गेम बनवायचा असतो. आपल्या शहरात साइट आहे का ते वेबसाइटवर बघून नाव द्या. आर्टिस्टला प्रोग्रामर आणि प्रोग्रामरला आर्टिस्ट इथेच भेटतो.

पोर्टफोलिओ आणि अप्लाय

प्रोग्रामरने गिटहबची (कोड ठेवायची वेबसाइट) लिंक आणि एक मिनिटाचा व्हिडिओ द्यावा. आर्टिस्टने आर्टस्टेशन या आर्टिस्टच्या वेबसाइटवर चारच मॉडेल्स टाकावीत पण वायरफ्रेम (मॉडेलची जाळी), टेक्सचर (त्यावरचे रंग-पोत) आणि ट्रायँगल काउंटसकट (जाळीत किती त्रिकोण आहेत), कारण सुंदर रेंडरच्या (तयार चित्राच्या) खाली जाळी कशी आहे हे लीड आर्टिस्ट आधी बघतो. देवगिरीचा दरवाजा किंवा गावातला चिरेबंदी वाडा मॉडेल करा, फोटो काढायला स्वतः जाता येतं आणि ड्रॅगनच्या गर्दीत तुमचं काम उठून दिसतं.

क्यूएसाठी बग रिपोर्ट लिहायची सवय लावा. "गेम हँग होतो" हा रिपोर्ट नाही. "लेव्हल ३, पुलाच्या डाव्या भिंतीला चिकटून सलग दोन जंप मारल्या की प्लेयर भिंतीत अडकतो, १० पैकी ७ वेळा होतं, अँड्रॉइड १३, बाहेर पडायला गेम बंद करावा लागतो, व्हिडिओ जोडलाय" हा रिपोर्ट. कोणताही फ्री गेम घेऊन असे पाच लिहा आणि अर्जाला जोडा.

कोर्स लावायचाच असेल तर फी भरण्याआधी तिथल्या मागच्या बॅचचे पूर्ण झालेले गेम्स खेळायला मागा. नुसते प्लेसमेंटचे फोटो दाखवत असतील तर तिथून निघा.

२०२३ पासून जगभर गेम कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर लोक कमी केलेत, त्यामुळे पहिला जॉब लागायला वेळ जाऊ शकतो आणि कॉन्ट्रॅक्टवरचं काम आलं तरी घ्या. ऑफर आली की तीन गोष्टी मेलवर विचारा: कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी सोडता न येण्याची अट) आहे का, आणि नोकरीत असताना घरी बनवलेल्या गेमचा हक्क कोणाचा. तिसरी गोष्ट बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये आत कुठेतरी असते, सही करण्याआधी ते पान शोधून वाचा आणि जॉइन होण्याआधी बनवलेल्या तुमच्या गेम्सची नावं त्यात लिहून घ्या.