मोजक्या पैशांत गेमिंग कॉम्प्युटर अपग्रेड करताना या चुका टाळा

गेली कित्येक वर्षे मित्रांचे, आणि मित्रांच्या मित्रांचे, कॉम्प्युटर उघडून पाहण्याचे काम न मागता माझ्या गळ्यात पडले आहे. पैसे कमी पडल्यामुळे फसलेले अपग्रेड मी त्यात क्वचितच पाहिले. घाईमुळे फसलेली मात्र सतत पाहतो. ज्याचा हात सैल आहे त्याची चूक खपून जाते, कारण तो चुकलेला भाग बाजूला ठेवून दुसरा आणतो. मोजक्या पैशांत भागवणाऱ्याला ती सवलत नसते, आणि नेमका तोच "कोणते कार्ड घेऊ?" या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझ्या मते हा प्रश्न शेवटी शेवटी यायला हवा.

मोजून न पाहता कार्ड घेणे

गेम अडखळला की त्याचे खापर ग्राफिक्स कार्डावर फोडण्याची रीतच पडली आहे. प्रत्यक्षात पडद्यावरच्या प्रत्येक फ्रेमची आखणी आधी प्रोसेसर करतो आणि मग कार्ड ती रंगवते. या दोघांपैकी जो मंद असेल त्याच्या चालीने गेम चालतो. मंद कोण आहे हे कळायला दहा मिनिटे पुरतात. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधून ठेवणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करावी, गेम जिथे हमखास अडखळतो त्याच जागी जावे आणि कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहावे. आकडा 97 ते 99 च्या घरात टिकून असेल, तर कार्ड दमले आहे. तो 60-70 वर रेंगाळत असेल, तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत आहे. खात्री हवी असेल तर रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणावे. रंगवायचे पिक्सेल निम्म्याहून कमी होऊनही एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा आकडा, जागचा हलला नाही, तर नव्या कार्डानेही तो हलण्याची आशा धरू नये.

यावर "पण माझा प्रोसेसर तर 40 टक्केच वापरला जातो" असा आक्षेप हटकून येतो. थ्रेड म्हणजे प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो अशी कामाची एक रांग. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड काठोकाठ भरला, तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम 8 टक्के असतो. पुष्कळ गेमचे मुख्य काम एकदोन थ्रेडवरच अडलेले असते, म्हणून मी एकूण आकड्याकडे बघतच नाही. प्रत्येक कोअरचा, म्हणजे चिपमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा, वेगळा आलेख उघडतो. प्रोसेसर आणि कार्डाचे नाव टाकले की "अमुक टक्के बॉटलनेक" (अडथळा) असे सांगणारे जे कॅल्क्युलेटर फिरत असतात, त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तुम्ही कोणता गेम, कोणत्या रिझोल्यूशनवर आणि कोणत्या सेटिंगवर खेळता, यावरच सगळे ठरते, आणि ते एका टक्केवारीत बसत नाही.

एका मित्राने साठवलेले सगळे पैसे घालून आधीच्यापेक्षा जवळपास दुप्पट ताकदीचे कार्ड घेतले आणि तिसऱ्या दिवशी मला सांगितले की कार्ड खराब निघाले, ते परत करायचे आहे. त्याच्याकडे चार कोअर आणि चारच थ्रेडचा आय-5 7400 होता, आणि 8 जीबीची एकच रॅम स्टिक. शहरातून गाडी पळवायच्या गेममध्ये जुन्या कार्डावर 52 एफपीएस मिळत होते, नव्यावर 55. गर्दीच्या चौकात बसणारे झटके जसेच्या तसे होते. मी रिझोल्यूशन 720 वर आणले, तरीही 55. कार्ड निर्दोष होते, चारही कोअर मात्र शंभर टक्क्यांवर धापा टाकत होते.

आम्ही पहिल्यांदा तशीच दुसरी 8 जीबीची स्टिक लावली. सरासरी थोडीच वाढली, पण झटके पुष्कळ कमी झाले, कारण एकट्या स्टिकवर मेमरीचा एकच चॅनल चालतो आणि 8 जीबी तर ब्राउझर व गेम मिळूनच संपवून टाकतात. त्यानंतर मित्राने वापरलेला आय-5 8400 स्वस्तात शोधून काढला. "सहा कोअर आहेत, सॉकेटही तोच, 1151," असे तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचे, नाव खरोखरच तेच आहे. परंतु इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरांना 300 मालिकेचा मदरबोर्ड लागतो, आणि त्याचा बोर्ड 200 मालिकेचा होता. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला असता, पडदा मात्र उजळला नसता. शेवटी त्याच पिढीचा, आठ थ्रेडचा वापरलेला आय-7 7700 लावला, आणि जे कार्ड परत जाणार होते त्याचा वापर 90 टक्क्यांच्या वर गेला. मोजमाप आधी झाले असते तर प्रोसेसर व रॅम आधी आली असती आणि कार्डासाठी पैसे साठवायला सवड मिळाली असती.

प्रोसेसर बदलणाऱ्यांनी मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत आपल्या बोर्डाचे नेमके मॉडेल काढून, त्यापुढे त्या प्रोसेसरचे नाव आहे का आणि त्यासाठी बायोसची, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरची, कोणती आवृत्ती लागते, हे पाहावे. एएमडीच्या एएम 4 सॉकेटवर तर हे सर्वांत फायद्याचे ठरते, कारण पहिल्या रायझनच्या काळातल्या पुष्कळ बोर्डांवर नवा बायोस चढवून 2022 मध्ये आलेला 5800 एक्स 3 डी सुद्धा चालतो. बायोस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अद्ययावत करावा. तो विकून टाकल्यावर ही आठवण येणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

नाव अर्धेच वाचणे

कार्डाच्या नावातला मोठा आकडा सगळे वाचतात, शेपूट कोणी वाचत नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 1060 मध्ये 6 जीबी आणि 3 जीबी असे दोन प्रकार होते, आणि फरक केवळ मेमरीचा नव्हता. मोठ्यात 1280 कोअर होते, धाकट्यात 1152. आरटीएक्स 3060 चा 12 जीबीचा प्रकार 192 बिटांच्या बसवर (कार्डाच्या मेमरीकडे जाणाऱ्या मार्गावर) चालतो, नंतर आलेला 8 जीबीचा 128 बिटांच्या. सर्वांत वाईट प्रकार जीटी 1030 चा: जीडीडीआर 5 मेमरीच्या कार्डाला सेकंदाला 48 जीबी एवढी बँडविड्थ मिळते, तर त्याच नावाने विकल्या गेलेल्या डीडीआर 4 प्रकाराला सुमारे 17. खोक्यावरचे नाव सारखे, आतला माल वेगळा. हा प्रकार मला सरळसरळ लबाडीचा वाटतो, पण लेबल पूर्ण वाचण्याखेरीज त्यावर इलाज नाही.

जुन्या बोर्डावर स्वस्त नवे कार्ड घेणाऱ्यांसाठी आणखी दोन सापळे आहेत. 2022 मध्ये आलेले आरएक्स 6500 एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरते. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते निभावून नेते, पण तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची 4 जीबी मेमरी भरली की गेम रांगू लागतो. म्हणजे ज्यांच्याकडे जुना बोर्ड आहे आणि ज्यांना असे स्वस्त कार्ड हवे असते, नेमके त्यांचेच नुकसान. इंटेलची आर्क कार्डे रिसायझेबल बार ही प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय चालू नसेल तर फार मागे पडतात, आणि कित्येक जुन्या बोर्डांवर ती सोयच नसते. माझी सवय अशी की कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि लेनची संख्या या चार गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. एखादा विक्रेता त्या सांगायला टाळाटाळ करत असेल, तर मला उत्तर मिळालेले असते.

काही चुका थोडक्यात

डीडीआर 4 आणि डीडीआर 5 या रॅमच्या दोन्ही पिढ्यांच्या पिना 288 च असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जोर लावू नये. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्या लागतात. पाकिटावर 3200 लिहिलेली डीडीआर 4 रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा पाकिटावरचा वेग लागू करणारी सेटिंग) चालू करेपर्यंत बहुधा 2133 किंवा 2400 वरच चालत राहते, आणि वेगवान रॅमचे पैसे मोजून ती वर्षभर मंदपणे वापरणारे मी अनेक पाहिले आहेत.

एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो, एफपीएस मात्र सहसा वाढत नाही. हार्ड डिस्कवरून साध्या साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडीवर येण्यात जो फरक जाणवतो, तो साटावरून महागड्या एनव्हीएमई (त्याहून वेगवान पद्धत) एसएसडीवर जाताना गेममध्ये बहुतेक वेळा जाणवतच नाही, तेव्हा तिथे वाचलेले पैसे कार्डात घालावेत. एम.2 स्लॉट (बोर्डावर छोटी एसएसडी थेट बसते ती खाच) वापरल्यावर काही बोर्डांवर एखादा साटा पोर्ट बंद पडतो, तेव्हा "डिस्क मेली" म्हणण्याआधी बोर्डाची पुस्तिका उघडावी.

कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये टेपने मोजावी, पुढच्या पंख्यांची जाडी वजा करूनच. मॉनिटरची केबल मदरबोर्डात खुपसू नये, ती कार्डात लावावी. मॉनिटर 144 हर्ट्झचा असला तरी विंडोजमध्ये तो आकडा निवडावा लागतो. रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर मी काही लिहिणार नाही.

पॉवर सप्लायला शेवटचा मान देणे

उरलेल्या पैशांत पॉवर सप्लाय घेण्याची पद्धत मला सर्वांत जास्त खटकते. लेबलवरचा 500 वॅटचा मोठा आकडा पाहून लोक समाधानी होतात; मी त्याखालचा तक्ता वाचतो. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही 12 व्होल्टच्या रेलवरच, म्हणजे सप्लायच्या त्या वीजमार्गावरच, जगतात, आणि त्या रेलपुढे 30 अँपिअर लिहिले असतील तर हाती येणारी खरी ताकद 360 वॅट आहे, मग वर काहीही छापलेले असो. 80 प्लसचा बिल्ला वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. आतल्या संरक्षणाबद्दल तो काही बोलत नाही. कार्ड स्लॉटमधून 75 वॅट घेऊ शकते, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी 75 आणि आठ पिनांच्या जोडणीतून 150. हवी ती जोडणी नाही म्हणून साटाच्या केबलवरून सहा पिना काढून देणारा अडॅप्टर लावणे हा शुद्ध आगाऊपणा आहे, कारण साटाच्या जोडणीतून 12 व्होल्टवर जास्तीत जास्त 54 वॅटच मिळायला हवेत. पुढे प्लास्टिक वितळल्याचा वास येतो तेव्हा फार काही उरलेले नसते.

आता माझी स्वतःची चूक, जी मी सांगायला कचरत नाही, कारण ती अनुभवी म्हणवणारेच करतात. मी जुना मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, पॉवर सप्लाय काढून नवा बसवत होतो. कॅबिनेटच्या मागच्या बाजूने डिस्कच्या केबल इतक्या नीटनेटक्या ओढून बांधल्या होत्या की त्या उसवायचा कंटाळा आला. टोके तर सारखीच दिसत होती आणि नव्या सप्लायमध्ये मुकाट बसलीही. बटण दाबले, पंखे फिरले आणि एसएसडी व हार्ड डिस्क दोन्ही एका क्षणात गेल्या. चार वर्षांची छायाचित्रे त्या हार्ड डिस्कवर होती आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. मॉड्युलर केबलचे डिस्ककडचे टोक ठरलेल्या मापाचे असते, पण सप्लायकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर किती व्होल्ट द्यायचे याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते बदलू शकते. माझ्या बाबतीत 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट पोहोचले होते. वीस मिनिटे वाचवण्याची ती किंमत. तेव्हापासून सप्लाय बदलला की त्याच्या सगळ्या केबल मी त्याच्याबरोबरच काढतो, जुन्या केबल जुन्याच सप्लायला दोरीने बांधून ठेवतो, आणि वापरलेला मॉड्युलर सप्लाय मूळ केबलशिवाय कोणी फुकट दिला तरी घेत नाही.

सगळे एकाच दिवशी बदलणे

प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि कार्ड एकाच संध्याकाळी बदलले आणि पडदा काळा राहिला, तर दोष कोणाचा हे कसे ओळखणार? बोर्ड बदलायचाच असेल तर इलाज नाही, एरवी मी एका वेळी एकच भाग बदलतो आणि कॉम्प्युटर सुरू होऊन एक गेम तासभर चालल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. काळ्या पडद्यावर माझा क्रम ठरलेला आहे: प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीजजोडणी राहिली आहे का, कार्डाची वीज जोडली आहे का, रॅम दोन्ही बाजूंनी खटकन बसली आहे का, आणि मग एकाच स्टिकवर प्रयत्न. नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसते, तेव्हा कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टवर चित्र शोधत बसू नये.

नव्या डीडीआर 5 बोर्डावर मात्र आणखी एक गोष्ट घडते. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची वेळजुळणी करत असतो आणि त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहतो. उतावळे लोक अर्ध्या मिनिटात बटण दाबून ते काम मोडतात, पुन्हा सुरू करतात, पुन्हा मोडतात, आणि मग बोर्ड परत करायला निघतात. अशा वेळी कॅबिनेटपासून दोन हात लांब बसावे आणि निदान दहा मिनिटे बटणाला बोटही लावू नये.