जत्रेतला दशावतार मुलांना जागेपणी दाखवायचा असेल तर

सिंधुदुर्गातील जत्रांमध्ये दशावतार, म्हणजे पौराणिक कथांवरचे लोकनाट्य, पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, म्हणजे बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. त्यामुळे संध्याकाळपासून जत्रेत फिरलेली मुले नेमक्या त्याच वेळी झोपी जातात.

यावर आम्हाला लागू पडलेला उपाय असा की, क्रमच उलटा करावा. मुलांना संध्याकाळी लवकर जेवू घालून घरीच दोन-तीन तास झोपवावे, पालखी निघण्याची वेळ गावातल्या कोणाकडून तरी आधी विचारून घ्यावी आणि त्याच्या थोडे आधी देवळात पोहोचावे. ओटी भरणे, खाजे (जत्रेतला गोड खाऊ) आणि खेळणी हे सारे पालखीपूर्वी उरकावे. मग चटई व चादर घेऊन रंगमंचाच्या कडेला, जिथून मध्येच उठून जाता येईल अशी जागा धरावी.

संपूर्ण आख्यान, म्हणजे नाटकाची मुख्य कथा, पाहण्याचा आग्रह मात्र धरू नये. सुरुवातीचा आडदशावतार, ज्यात गणपती, सरस्वती आणि मालवणीत विनोद करणारा संकासुर हा राक्षस येतो, तोच मुलांना सर्वाधिक भावतो, आणि तेवढा मनापासून पाहून परतले तरी ती रात्र त्यांच्या लक्षात राहते. काळ्या वेशातील संकासुराला लहानगी घाबरतात, म्हणून त्याची गोष्ट घरीच सांगून ठेवावी.

परतीची रिक्षा येतानाच ठरवावी, कारण रात्री ती ऐनवेळी मिळत नाही. गर्दीत चुकामूक होऊ शकते, म्हणून पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या खिशात अवश्य ठेवावी.